प्लॅटिनमचा बाजारभाव नेमका कशावर ठरतो?

माहीमची वाचक

नमस्कार. डिसेंबर २०११ मध्ये, लग्न ठरल्यावर, आम्ही दोघांनी दादरच्या एका पेढीतून प्लॅटिनमच्या अंगठ्या घेतल्या. सोन्याचा भाव त्याच्या काही महिनेच आधी प्लॅटिनमच्या पुढे गेला होता. परंतु हा प्रकार तात्पुरता आहे, प्लॅटिनम सोन्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ असल्याने ते आपली जागा परत घेईल, असे काउंटरवरील गृहस्थांनी आम्हाला मनापासून सांगितले. मलाही ते पटले, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि वस्तू जितकी दुर्मीळ तितके तिचे मोल अधिक, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते.

डिसेंबर २०२३ मध्ये अंगठी बोटाला घट्ट होऊ लागली म्हणून ती देऊन मोठ्या मापाची घ्यायला गेले, तेव्हा जुनी पावती सोबत होती. पावतीवरचा ग्रॅमचा भाव आणि त्या दिवशी दुकानातील फलकावर लिहिलेला भाव यांत बारा वर्षांनंतरही फारसा फरक नव्हता. त्याच पावतीवर आईच्या पाटल्यांचे सोनेही होते आणि त्याचा भाव मधल्या काळात दुपटीहून अधिक झाला होता. पावती हातात धरून मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

त्यानंतर २०२५ मध्ये प्लॅटिनम एकाएकी वर गेल्याच्या बातम्या आल्या आणि वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, बारा वर्षे हा धातू दुर्मीळ नव्हता का?’ तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. मला गुंतवणुकीचा सल्ला नको आहे. हा भाव कोणत्या गोष्टी हलवतात, आणि जागतिक भाव व आपल्या दुकानातील भाव यांचे नाते काय, हे नीट समजून घेऊन तिला सांगायचे आहे. ज्यांचा या धातूशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त रसायन अभियंता, चेंबूर

ताई, आपला प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण नोकरीची एकतीस वर्षे मी प्लॅटिनमच्या सोबतीने काढली आहेत आणि त्यातला एक ग्रॅमही दागिन्याचा नव्हता. चेंबूरच्या एका खत कारखान्यात मी नायट्रिक आम्लाच्या विभागात होतो. तिथे अमोनिया आणि हवा यांचे मिश्रण सुमारे ९०० अंश सेल्सियसला तापलेल्या जाळ्यांमधून पाठवतात. या जाळ्या प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या मिश्रधातूच्या, केसाएवढ्या बारीक तारांनी विणलेल्या असतात. नवी जाळी उलगडली की रेशमी कापडासारखी चमकते आणि हाताने धरली तर लोंबते. काही महिन्यांनी भट्टी उघडली की तीच जाळी राखाडी, खरबरीत आणि ठिसूळ झालेली दिसते. ती काढताना सुरक्षा अधिकारी आणि लेखा विभागाचा माणूस समोर उभा असे. तुकडे तर वजन होऊन सीलबंद डब्यात जातच, पण ब्रशने झाडून काढलेली धूळसुद्धा तोलली जाई. तरीही आत ठेवलेले सगळे वजन परत मिळत नसे. एक टन आम्ल तयार होताना ग्रॅमचा काही अंश प्लॅटिनम वायूबरोबर उडून जातेच. ते अडवण्यासाठी खाली पॅलेडियम या प्लॅटिनमच्याच कुळातील धातूची जाळी लावतात, पण तीही सगळे धरू शकत नाही.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, आपल्या विद्यार्थिनीचे उत्तर मला त्या डब्यात दिसते. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनमने एका औंसाला २,२०० डॉलरची पातळी ओलांडली, त्या वर्षी आम्ही जाळी बदलायचे थांबवले नाही. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भाव ८०० डॉलरच्या खाली आला, तेव्हा आम्ही स्वस्त मिळते म्हणून दोन जाळ्या जास्त लावल्या नाहीत. जेवढे आम्ल बनवायचे तेवढे प्लॅटिनम लागायचे. तुर्भे-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढवणाऱ्या प्रक्रियेसाठी जो उत्प्रेरक लागतो, त्यातही प्लॅटिनम असते आणि तिथलाही हिशेब हाच. काचेचे तंतू ओढण्याच्या साच्यांमध्ये ते लागते, संगणकाच्या हार्ड डिस्कवर त्याचा पातळ थर असतो, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन या औषधातही ते आहे, मात्र तिथे लागणारे प्रमाण भावावर परिणाम करण्याइतके नाही.

सोन्याचे तसे नाही. ते खाणीतून निघते आणि तिजोरीत, कपाटात किंवा गळ्यात जाऊन बसते. आजवर काढलेले जवळजवळ सगळे सोने जगात कुठे ना कुठे शिल्लक आहे. जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत प्रत्येकी १,००० टनांहून अधिक सोने विकत घेतले. प्लॅटिनमला असा ग्राहक नाही. वर्षाला साधारण १७० ते १९० टन प्लॅटिनम खाणींतून निघते, म्हणजे ३,००० टनांहून अधिक निघणाऱ्या सोन्याच्या तुलनेत ते निश्चितच दुर्मीळ आहे. परंतु दुर्मीळ वस्तू कोणाला आणि कशासाठी हवी, यावर तिचे मोल ठरते. काउंटरवरील गृहस्थांनी आपल्याला धातू किती कमी निघतो तेवढे सांगितले, तो कोण घेतो ते सांगायचे राहून गेले.

घेणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा मोटारीचा आहे. एकूण मागणीपैकी साधारण चाळीस टक्के प्लॅटिनम गाड्यांच्या धुराड्यात, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो. एका मोटारीत काही ग्रॅम. डिझेलच्या गाडीत प्लॅटिनमचा वाटा मोठा असतो, पेट्रोलच्या गाडीत दीर्घकाळ पॅलेडियमचा राहिला आहे. आता आपल्या बारा वर्षांकडे पाहा. २०१५ मध्ये पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत सॉफ्टवेअरच्या मदतीने फसवणूक केल्याचे उघड झाले आणि त्यानंतर युरोपातील ग्राहक डिझेलपासून दूर जाऊ लागला. पेट्रोल गाड्यांची विक्री वाढली, पॅलेडियम महागले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अनेक वर्षांनंतर प्रथमच पॅलेडियमचा भाव प्लॅटिनमच्या वर गेला. खाणीतून निघणारा धातू तोच आणि जवळपास तेवढाच होता. बदलला होता तो धूर.

अशी दरी पडली की कारखानदार महाग धातूच्या जागी स्वस्त धातू वापरण्याचा प्रयत्न करतात. पेट्रोल गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये पॅलेडियमच्या जागी काही प्रमाणात प्लॅटिनम बसवता येते. परंतु एखाद्या इंजिनाची चाचणी आणि मंजुरी एका विशिष्ट लेपासह झालेली असते, म्हणून हा बदल सोमवारी ठरवून मंगळवारी होत नाही. त्याला दोन-तीन वर्षे जातात आणि एकदा झाला की उलटा फिरवायलाही तितकाच वेळ लागतो. भावाच्या आजच्या हालचालीमागे दोन-तीन वर्षांपूर्वीचे निर्णय असतात, ही गोष्ट वर्तमानपत्रातील बातमीत सहसा येत नाही.

सराफ, झवेरी बाजार

काकांनी धुराड्याची बाजू फार चांगली सांगितली आहे. ताईंचा दुसरा प्रश्न दुकानातील भावाचा होता, तो माझ्या रोजच्या कामाचा असल्याने त्याबद्दल लिहितो.

जगाचा भाव डॉलरमध्ये आणि ट्रॉय औंसामध्ये बोलला जातो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. समजा, औंसाला १,००० डॉलर भाव आहे आणि डॉलर ८५ रुपये आहे. मग ग्रॅमला ३२.१५ डॉलर, म्हणजे सुमारे २,७३३ रुपये झाले. त्यावर जुलै २०२४ मध्ये ठरलेले ६.४ टक्के आयात शुल्क धरले की साधारण २,९०८ आणि वर ३ टक्के जीएसटी धरला की २,९९५ रुपये. हाच १,००० डॉलरचा औंस डॉलर ४५ रुपयांना असताना शुल्काआधी ग्रॅमला १,४४७ रुपयांच्या आसपास पडत असे. त्यामुळे ताईंना पावतीवरचा आणि फलकावरचा भाव सारखा दिसला, तेव्हा प्रत्यक्षात डॉलरमधला भाव बराच उतरलेला होता. रुपया घसरल्यामुळे ती उतरण झाकली गेली. डिसेंबर २०११ मध्ये औंस १,४०० डॉलरच्या वर होता आणि डॉलर ५२ रुपयांच्या आसपास. डिसेंबर २०२३ मध्ये औंस हजाराच्या खाली आणि डॉलर ८३ रुपयांचा. वर्गात शिकवताना हा गुणाकार फळ्यावर करून दाखवावा, असे मी सुचवेन, कारण आपल्याकडच्या ग्राहकाला दोन भाव एकत्र जोडलेले दिसतात आणि तो त्यांना एकच समजतो.

शुल्कही स्थिर नसते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ते १५.४ टक्के झाले आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ६.४ टक्क्यांवर आले; सोन्या-चांदीचे त्याच वेळी ६ टक्के झाले. अर्थसंकल्पाच्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीत फलक पुसून नवे आकडे लिहिले गेले, तेव्हा जिथून हा धातू येतो त्या दक्षिण आफ्रिकेत किंवा जिथे त्याचा जागतिक भाव ठरतो त्या लंडनमध्ये काहीही घडलेले नव्हते. भारताच्या आयातीच्या आकड्यांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. सीमाशुल्काच्या नियमांत ज्या मिश्रधातूत वजनाने २ टक्के किंवा अधिक प्लॅटिनम आहे तो प्लॅटिनमचा मिश्रधातू धरला जातो, मग उरलेले बहुतेक सोने का असेना. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारातील सवलतीच्या शुल्काचा लाभ घेऊन असा मिश्रधातू मोठ्या प्रमाणावर आला आणि सरकारला नंतर त्यावर निर्बंध आणावे लागले. म्हणून ‘भारतात प्लॅटिनमची आयात अनेक पटींनी वाढली’ असे वाचले तर लगेच दागिन्यांची मागणी वाढली असे मानू नये. हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण अशा आकड्यांवरून अंदाज बांधणारे लेख मी बरेच वाचले आहेत.

आता घडणावळ. सोने १,०६४ अंशांना वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना. सोन्याच्या कारागिराची मूस आणि बत्ती इथे चालत नाही. ओतकामाचे यंत्र वेगळे, पॉलिशचा पट्टा वेगळा, कानस वेगळी. सोन्याच्या कामाचा कीस आणि झाडलेली माती झारेकऱ्याकडे जाते आणि त्यातून सोने परत मिळते, ही आमच्या बाजाराची जुनी व्यवस्था आहे. प्लॅटिनमचा कीस त्यात मिसळला तर दोन्ही खराब होतात, म्हणून आमच्या कारखान्यात प्लॅटिनमचा कारागीर स्वतंत्र खोलीत बसतो आणि संध्याकाळी उठण्यापूर्वी अंगरखा झटकून तो कीस स्वतंत्र डबीत भरतो. हा सगळा खर्च मजुरीत येतो. शिवाय हा धातू जड आहे: १८ कॅरट सोन्याची जी अंगठी चार ग्रॅमची होईल, तीच त्याच साच्यात पीटी ९५० (हजारात ९५० भाग शुद्ध) प्लॅटिनमची केली तर सुमारे पाच-साडेपाच ग्रॅमची होते. दुकानात ‘प्लॅटिनम महाग पडले’ असे जे वाटते, त्यात वजन आणि मजुरी यांचा वाटा मोठा असतो.

परत घेतानाची घटही म्हणूनच जास्त. सोने शुद्ध करून देणारे आमच्या गल्लीत पावलोपावली आहेत, प्लॅटिनमचे मोजके. सोने तारण ठेवून कर्ज सहज मिळते, प्लॅटिनमवर सहसा मिळत नाही. जगाचा भाव दहा टक्के वाढला तरी विकायला आलेल्या ग्राहकाच्या हाती ते दहा टक्के पडतीलच असे नाही, हे मी माझ्या ग्राहकांना खरेदीच्या वेळीच सांगतो, आणि सर्वांनी सांगायला हवे असे मला वाटते. (व्हाइट गोल्ड आणि प्लॅटिनम यांत अनेकांची गल्लत होते. व्हाइट गोल्ड हे सोनेच असते, त्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो. त्याचा भाव सोन्याबरोबर चालतो.)

माहीमची वाचक

आपण दोघांनी इतक्या मनापासून लिहिले, याबद्दल आभारी आहे. डॉलरमधल्या भावाची उतरण रुपयाच्या घसरणीने झाकली, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

एक शंका उरते. मागणीची बाजू समजली. पुरवठ्याच्या बाजूने मी वाचले आहे की २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनम खाणींत पाच महिने संप झाला होता. जगातील बहुतेक प्लॅटिनम तिथूनच येत असेल, तर एवढ्या मोठ्या संपाने भाव आभाळाला भिडायला हवा होता. तो तसा गेला नाही, हे कसे?

वायदे बाजारात काम करणारा, फोर्ट

आपली शंका अगदी नेमकी आहे. या बाजारात नवीन असताना मीही त्याच ठिकाणी अडखळलो होतो, म्हणून २००८ आणि २०१४ ही दोन वर्षे शेजारी ठेवून सांगतो.

जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते, आणि तेही बुशवेल्ड नावाच्या एकाच खडकसमूहातून. रस्टेनबर्ग हे त्यातले प्रमुख ठिकाण. उरलेल्यात रशियातील नोरिल्स्क आणि झिम्बाब्वे यांचा वाटा मोठा आहे. धातूचा थर अरुंद, खोल जमिनीखाली आणि कठीण दगडात असतो. एक टन दगड फोडला की प्लॅटिनम गटातील सगळे धातू मिळून काही ग्रॅम हाती लागतात, आणि त्या दगडाचे चूर्ण करून, भट्टीत वितळवून, शुद्ध करून धातू बाजारात यायला कित्येक आठवडे जातात. भट्ट्यांना वीज प्रचंड लागते. जानेवारी २००८ मध्ये एस्कॉम या तिथल्या सरकारी वीज कंपनीने पुरेशी वीज देण्याची हमी देता येत नसल्याचे कळवले आणि खाणी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. केवळ काही दिवस. परंतु वर्षाच्या सुरुवातीला १,५०० डॉलरच्या आसपास असलेला भाव मार्चमध्ये २,२०० च्या पलीकडे गेला. २०१४ मध्ये मात्र जानेवारीच्या अखेरपासून जूनच्या अखेरपर्यंत सुमारे सत्तर हजार कामगार संपावर होते आणि भाव बहुतांश काळ १,४०० ते १,५०० डॉलरच्या पट्ट्यातच फिरला. संप मिटल्यावर तर वर्षअखेरीस तो १,२०० च्या आसपास आला.

फरक खाणीतून आधीच काढून ठेवलेल्या, जमिनीवरच्या साठ्याचा होता. २००८ मध्ये बाजाराला वाटले की ही वीजटंचाई पुढची अनेक वर्षे राहील, आणि हाताशी साठा फारसा नाही. त्यात सट्टेबाजांची खरेदी येऊन मिळाली. ती तेजी किती पोकळ होती हे सप्टेंबर २००८ च्या आर्थिक संकटानंतर मोटारींची विक्री कोसळली तेव्हा कळले. २०१४ मध्ये खाण कंपन्यांनी संपाआधीच माल राखून ठेवला होता, आदल्या वर्षांत गुंतवणूक निधींनी बरेच प्लॅटिनम तिजोरीत जमा केले होते, जुन्या मोटारींच्या भंगारातून परत मिळणारा धातू वाढला होता, आणि युरोपची मागणी मंद होती. खाण बंद असतानाही ग्राहकाला तिजोरीतून माल मिळत राहिला. प्लॅटिनमच्या बाजारात आजची टंचाई मोजताना खाणीकडे पाहिले जाते, पण तेवढ्याने भागत नाही, साठा किती आणि तो विकायला तयार कोण, हे पाहावे लागते. दुर्दैवाने हा साठा कोणीच पूर्णपणे मोजू शकत नाही, म्हणून अंदाज चुकतात.

तो साठा आटतो आहे की नाही, याची सर्वांत विश्वासार्ह खूण मला भाड्याच्या दरात दिसते. काकांच्या कारखान्यासारखे अनेक कारखाने जाळीतील धातू विकत न घेता भाड्याने घेतात, वापर संपला की परत करतात आणि उडून गेलेल्या वजनाचे पैसे भरतात. या भाड्याचा दर शांत काळात अगदी थोडा असतो. २०२५ मध्ये तो झपाट्याने वाढला. २०२३ पासून सलग मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त राहिली होती, म्हणजे साठा दरवर्षी थोडा थोडा उपसला जात होता, तरी २०२४ अखेरपर्यंत भाव साधारण ९०० ते १,१०० डॉलरमध्येच अडकून होता. २०२५ मध्ये अमेरिकेत आयात शुल्क लागेल या भीतीने बराच धातू न्यूयॉर्कच्या गोदामांकडे वळला, सोने फार महाग झाल्यामुळे चीनमधील दागिने बनवणारे प्लॅटिनमकडे आले, आणि लंडनमध्ये तातडीने देता येईल असा माल कमी पडला. जूनच्या अखेरीस भाव १,३०० डॉलरच्या पुढे होता आणि त्यानंतरही चढत राहिला. विद्यार्थिनीला सांगताना मी असे म्हणेन की टंचाई २०२५ मध्ये सुरू झाली नाही, ती त्या वर्षी उघडी पडली.

खाणी एवढा भाव पाहून लगेच उत्पादन का वाढवत नाहीत, हा पुढचा प्रश्न येईल. एक नवी खोल खाण सुरू व्हायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. शिवाय खाणीतून प्लॅटिनम एकटे निघत नाही. पॅलेडियम, ऱ्होडियम, सोने, निकेल आणि काही ठिकाणी क्रोम यांची मिळून एक टोपली निघते आणि मालक टोपलीची एकूण किंमत पाहतो. २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियम २९,००० डॉलरच्या पलीकडे गेले होते, तेव्हा प्लॅटिनम साधारण असूनही खाणी नफ्यात होत्या. पुढे ऱ्होडियम आणि पॅलेडियम कोसळल्यावर त्याच खाणींनी खर्च कापला आणि कामगार कमी केले. प्लॅटिनमच्या पुरवठ्याचे भवितव्य अशा रीतीने दुसऱ्याच धातूच्या भावाने ठरते.

रँड या दक्षिण आफ्रिकेच्या चलनाबद्दलही सांगायला हवे, कारण भारतीय वाचक रुपयाकडे पाहतो आणि त्या चलनाला विसरतो. खाणीचा पगार, वीज, डिझेल हे सगळे रँडमध्ये, विक्री डॉलरमध्ये. रँड घसरला की डॉलरमधला भाव कमी असूनही खाण तग धरते आणि उत्पादन चालू राहते, त्यामुळे भाव खाली राहायला मदत होते. आपण उल्लेख केलेल्या बारा वर्षांत रँड डॉलरच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाला. रुपयाच्या घसरणीने आपल्या पावतीला सांभाळले, आणि रँडच्या घसरणीने त्याच धातूचा डॉलरमधला भाव खाली ठेवला.

आपल्या काउंटरवरील गृहस्थांना न्याय द्यायचा तर, २०१३ आणि २०१४ मध्ये प्लॅटिनम खरोखरच पुन्हा सोन्याच्या वर गेले होते. २०१५ पासून मात्र ते मागेच राहिले.

निवृत्त रसायन अभियंता, चेंबूर

भाड्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे. आमच्याकडे जाळी उतरवायच्या तारखा पुढे-मागे करताना तो दर पाहिला जाई. दर चढा असेल तर धातू लवकर परत पाठवण्याची घाई होई.

भंगाराबद्दल थोडे जोडतो. कुर्ल्याला जुन्या गाड्या तोडणाऱ्यांच्या दुकानांत कन्व्हर्टर बाकीच्या सायलेन्सरपासून कापून वेगळा ठेवलेला असतो, कारण त्याचा भाव वेगळा असतो. घेणारा आधी गाडीचे मॉडेल विचारतो, मग ठोकळा पूर्ण आहे की आतून फुटून सांडला आहे, हे हलवून आणि उजेडाकडे धरून पाहतो. जगभर असे लाखो ठोकळे वितळतात आणि त्यांतून येणारा धातू पुरवठ्याचा एक मोठा हिस्सा असतो. पण लोक नव्या गाड्या कमी घेऊ लागले की जुन्या गाड्या रस्त्यावर जास्त काळ राहतात आणि भंगारही आटते. करोनानंतरच्या वर्षांत हेच झाले. म्हणून गाड्यांची विक्री घटली की प्लॅटिनमची मागणी घटते, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. पुरवठाही थोडा घटतो.

विजेच्या गाड्यांबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो. पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला धुराडेच नाही, म्हणून तिथे या धातूला काम नाही, आणि दीर्घकाळात हा सर्वांत मोठा धोका आहे, असे मी मानतो. हायब्रिड गाडीला मात्र इंजिन आहे आणि कन्व्हर्टरही आहे. दुसरीकडे, पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रांत आणि हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या इंधन घटांत (फ्युएल सेलमध्ये) प्लॅटिनम लागते. ती मागणी आज लहान आहे. तिच्या भरवशावर पुढच्या वर्षीचा भाव सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, परंतु माझ्या क्षेत्रातील तरुण अभियंते ज्या कळकळीने तिथे काम करत आहेत ते पाहिले की या धातूचे औद्योगिक आयुष्य संपले असे म्हणवत नाही.

माहीमची वाचक

पुढच्या आठवड्यात वर्गात हे सगळे मांडणार आहे: गुणाकार, २००८ आणि २०१४ ची जोडी, आणि काकांची जाळी. एक अगदी घरगुती गोष्ट विचारते. यजमानांची अंगठी जुनीच आहे. तिचे वजन आणि शुद्धता स्वतः पाहायची तर काय पाहावे?

सराफ, झवेरी बाजार

ताई, अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगाखाली पीटी ९५० असा शिक्का दिसायला हवा. त्याचा अर्थ हजारात ९५० भाग प्लॅटिनम. सोन्याप्रमाणे प्लॅटिनमला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून खरेदीच्या वेळी मिळालेले शुद्धतेचे कार्ड आणि पावती दोन्ही जपून ठेवावी. पेढीवर परत देताना त्यांचा उपयोग होतो. खडा असेल तर त्याचे वजन वेगळे धरावे लागते. अंगठी घेऊन या, मिलिग्रॅमच्या काट्यावर आपल्यासमोर तोलून देतो, आणि विद्यार्थिनीला सोबत आणलेत तर कारागिराची खोली आणि त्याची किसाची डबीही दाखवतो. शनिवारी दुपारनंतर गर्दी असते, त्यापेक्षा मंगळवारी अकराच्या सुमारास यावे.